शंभर कोटी सात हीच संख्या का?

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला कोल्हापूरचा एक मुलगा विचारतो: "सर, कोडिंगच्या स्पर्धेत दर दुसऱ्या गणिताखाली ‘उत्तर फार मोठं येईल, त्याला १,००,००,००,००७ नं भागून बाकी द्या’ असं असतं. हीच संख्या का? ती मूळ आहे असं सगळे म्हणतात, पण कॉम्प्युटरला न विचारता ते पटवून घेता येईल का? तिच्यात खरंच काही आहे की नुसती वहिवाट? आमचं उद्यमनगरात गिअर कापायचं वर्कशॉप आहे. वडील म्हणाले, मूळ संख्या आम्हालाही लागते. कशी ते सांगायच्या आत गिऱ्हाईक आलं."

उमेदीची वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये काढली, आता राजारामपुरीत तुझ्याच वयाच्या पोरांना अल्गोरिदम शिकवतो. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दोन वाक्यांत वाटेला लावता येतो: संख्या मूळ आहे, ३२ बिटांत मावते, लक्षात राहते, झालं. पण तू पटवून घ्यायचं म्हणालास, म्हणून जरा इस्कटून सांगतो. मूळ संख्येला स्वतःला अवयव नसतात, त्यामुळं तिच्याकडं नुसतं बघत बसून काही हाती लागत नाही. तिच्या अलीकडची आणि पलीकडची संख्या फोडून बघायची. शंभर कोटी सातचा सगळा स्वभाव शंभर कोटी सहा आणि शंभर कोटी आठ या दोघींत आहे.

लिहायला सोपं जावं म्हणून १,००,००,००,००७ ला इथून पुढं प म्हणू.

वहिवाटीचा भाग आधी उरकतो. दहा अंकी संख्यांमधली ही सगळ्यात लहान मूळ संख्या. शंभर कोटी एकला १००१ नं भाग जातो, म्हणजे ७, ११ आणि १३ तिन्हींनी जातो. शंभर कोटी तीन म्हणजे २३ × ३०७ × १,४१,६२३. शंभर कोटी पाचचं सांगायला नको. मग सात येते. दोन बाक्यांची बेरीज जास्तीत जास्त २,००,००,००,०१२ होते आणि साध्या ३२ बिटांच्या इंटची (पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या खणाची) मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, म्हणजे बेरजेला ओव्हरफ्लो नाही, आकडा खणाबाहेर सांडत नाही. दोन बाक्यांचा गुणाकार एकावर अठरा शून्यांच्या जवळ जातो आणि ६४ बिटांच्या लाँग लाँग या मोठ्या खणात असे नऊ गुणाकार बेरीज करून मावतात. मॅट्रिक्सचे गुणाकार करताना दर वेळी मॉड (प नं भागून बाकी) न घेता नवाव्या वेळी घेतला तर प्रोग्रॅम बराच पळतो. हे फार कमी पोरं वापरतात.

संख्यारेषेवर तिची जागाही बघून घे. शंभर कोटीच्या आत ५,०८,४७,५३४ मूळ संख्या आहेत, त्यामुळं प ही ५,०८,४७,५३५ वी. या भागात दोन मूळ संख्यांमध्ये सरासरी २१ चं अंतर असतं. पण प च्या आधीची मूळ संख्या ९९,९९,९९,९३७ आहे, म्हणजे तब्बल ७० मागं. आणि पुढची? १,००,००,००,००९. नुसतं दोनचं अंतर. शाळेत जोडमूळ संख्या शिकलास, ३ आणि ५, ११ आणि १३, त्यातलीच ही एक जोडी. लांबलचक ओसाड पट्टा आणि लगेच जोडी. यामागं काही कारण नाही, मूळ संख्या अशाच पडलेल्या असतात.

आता तुझ्या वडिलांचं बोलणं पुरं करतो. २० दात्यांचा पिनिअन, म्हणजे जोडीतलं लहान चाक, ४० दात्यांच्या गिअरवर बसवला तर पिनिअनचा एक ठरावीक दाता जन्मभर गिअरच्या त्याच दोन दात्यांना भेटतो. त्या दात्यात खोट असली तर समोरचे ते दोघेच झिजतात. गिअरला ४० ऐवजी ४१ दाते दिले की प्रत्येक दाता समोरच्या एकूण एक दात्याला भेटल्याशिवाय पुन्हा पहिल्याकडं येत नाही; झीज वाटली जाते. त्यासाठी दोन्ही संख्यांचा मसावि १ असला की पुरतो. पण मोठ्या गिअरचे दाते मूळ संख्येइतके असले आणि पिनिअन लहान असला, तर पिनिअन बदलला तरी मसावि १ च राहतो, परत हिशेब करायला नको.

मॉड प चं गणित म्हणजे प दात्यांचं चाक आहे. शून्यापासून निघून दर वेळी ठरावीक संख्या मिळवत जा, संख्या शून्य नसेल तर सगळ्या बाक्या भेटतात. यातूनच भागाकार मिळतो. कुठलीही शून्याखेरीज बाकी घे, तिच्या पटीत जाताजाता कधीतरी १ वर येशीलच. जितक्या पटीला आलास ती तिची इनव्हर्स. भाजकाची संख्या संयुक्त असती, समजा शंभर कोटी, तर २ च्या पटी कधीच १ वर आल्या नसत्या आणि क्रमचय-संचयाच्या सूत्रांतला भागाकार तिथंच अडला असता. स्पर्धेला मूळ संख्या लागते ती यासाठी.

पण हे झालं बेरजेचं चाक. खरी गंमत दुसऱ्या चाकात आहे, गुणाकाराच्या. शून्य सोडलं की उरतात प − १ बाक्या. १ पासून निघून दर वेळी एकाच संख्येनं गुणत गेलं की हीसुद्धा फेरी होते, आणि या चाकाला दाते आहेत प − १. म्हणून प − १ फोडायची.

१,००,००,००,००६ = २ × ५०,००,००,००३.

झालं. पुढं फुटत नाही. पन्नास कोटी तीन ही स्वतः मूळ संख्या आहे. तिला क म्हणू. सम संख्येचे याहून कमी तुकडे होऊच शकत नाहीत. अशा प ला सेफ प्राइम म्हणतात आणि क ला सोफी जर्मेन प्राइम. सोफी जर्मेन (१७७६–१८३१) या फ्रेंच गणितज्ञ बाईंनी पुरुषाच्या नावानं गाउसशी पत्रव्यवहार केला होता. क आणि २क + १ दोन्ही मूळ असतील तर क हा घातांक असलेल्या फर्माच्या समीकरणाला (दोन संख्यांच्या क व्या घातांची बेरीज म्हणजे तिसरीचा क वा घात), ज्यात तिन्ही संख्यांपैकी एकीलाही क नं भाग जात नाही अशी उकल नसते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे पन्नास कोटी तीन या घातांकापुरतं फर्माचं अर्धं काम त्यांच्या पद्धतीनं कधीच झालेलं आहे, ते सगळ्या घातांकांसाठी पुरं करणाऱ्या वाइल्सची वाट न बघता. असे क अनंत आहेत का, हे आजही कोणी सिद्ध केलेलं नाही. जोडमूळ संख्यांचंही तसंच.

गुणाकाराच्या चाकाला २क दाते आहेत म्हटल्यावर कुठल्याही संख्येच्या घातांची फेरी किती लांब असू शकते? ती लांबी २क ची विभाजक असावी लागते, आणि विभाजक चारच: १, २, क, २क. लांबी १ ची फेरी फक्त १ या संख्येची. लांबी २ ची फक्त प − १ ची, म्हणजे −१ ची. बाकी राहिलेल्या संख्यांपैकी ५०,००,००,००२ अर्ध्या फेरीच्या आणि तितक्याच पूर्ण फेरीच्या. मधलं काहीच नाही. ज्यांची फेरी पूर्ण असते त्यांना प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. इतर मूळ संख्यांसाठी ते शोधायला प − १ चे सगळे अवयव तपासत बसावं लागतं. इथं मात्र एकच प्रश्न: ही संख्या मॉड प मध्ये कुणाचा वर्ग आहे का? असेल तर अर्धी फेरी, नसेल (आणि ती −१ नसेल) तर पूर्ण.

हा प्रश्न गाउसच्या द्विघाती व्युत्क्रमतेच्या नियमानं तोंडी सुटतो; मोठ्या चाकावरचा प्रश्न तो लहान चाकावर आणून ठेवतो. प ला ८ नं भागलं तर बाकी ७. बाकी १ किंवा ७ असेल तर २ हा वर्ग असतो. म्हणून २ ची फेरी अर्धी, बरोबर ५०,००,००,००३ पावलांची. ३ साठी १२ नं भागायचं. बाकी ११ येते, ३ हासुद्धा वर्ग. ५ साठी ५ नंच भागायचं. बाकी २, आणि ५ च्या चाकावर वर्ग येतात फक्त ० , १ आणि ४. म्हणून ५ वर्ग नाही. ४ तर उघडच वर्ग आहे. तर प चा सगळ्यात लहान प्रिमिटिव्ह रूट ५. कोडमध्ये लोक हा ५ कुठूनतरी चिकटवतात. तो असा तीन भागाकारांत निघतो.

आणि १०? २ वर्ग आहे, ५ नाही, म्हणून त्यांचा गुणाकार १० वर्ग नाही. १० ची फेरी पूर्ण. याचा अर्थ असा की १ भागिले प हा आवर्ती दशांश अपूर्णांक १,००,००,००,००६ अंकांनंतरच परत सुरू होतो, त्याआधी नाही. १/७ चे १४२८५७ हे सहा अंक तुला माहीत आहेत. ७ ला जास्तीत जास्त सहाच शक्य होते आणि तेवढे पुरते आले. प चंही तसंच, शक्य तेवढे सगळे. अंकाला दोन मिलिमीटर जागा दिली आणि कोल्हापुरातून उत्तरेला सरळ ओळ काढली, तर ती दोन हजार किलोमीटरची होईल, दिल्लीच्या बरीच पुढं. सुरुवात अशी आहे, नऊ-नऊ अंकांचे गट पाडून:

०.००००००००० ९९९९९९९९३ ०००००००४८ ९९९९९९६५७ ०००००२४०० ...

यात ७ चे घात लपलेत: ७, ४९, ३४३, २४०१. कधी वजा, कधी अधिक, हातच्यामुळं एखादा इकडंतिकडं. आणि पुरत्या आवर्तनाचे मधोमध दोन भाग करून एकाखाली एक मांडले तर बेरजेत नुसते नऊच नऊ येतात. १४२ + ८५७ = ९९९, तीच ही खूण.

आता कळीचा भाग, कॉम्प्युटरशिवाय पटवून घेणं.

सरळ मार्ग म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणं. वर्गमूळ ३१,६२२ च्या थोडं पुढं, तिथपर्यंत सुमारे ३४०० मूळ संख्या. इतके भागाकार हातानं करणारा माणूस तिसऱ्या दिवशी चुकणार. दुसरा मार्ग फर्माचा: प मूळ असेल तर २ च्या (प − १) व्या घाताला प नं भागल्यावर बाकी १ यायलाच हवी. पण उलट धरता येत नाही. ३४१ ही ११ × ३१ आहे, तरी २ च्या ३४० व्या घाताची बाकी १ च येते. अनेक पुस्तकी प्रोग्रॅम या खड्ड्यात पडतात.

पण आपल्याकडं एक जादा माहिती आहे, प − १ = २क आणि क मूळ. तेवढ्यावर पॉकलिंग्टननं १९१४ मध्ये मांडलेली युक्ती बसते. मोजून बघ आणि समज की २ च्या (प − १) व्या घाताची बाकी १ आली. आता मान की प संयुक्त आहे. मग तिला ३१,६२२ पेक्षा मोठा नसलेला एखादा मूळ अवयव र असणार. र च्या चाकावरही २ चा तोच घात १ देईल, म्हणून तिथली २ ची फेरी २क ची विभाजक असेल: १, २, क किंवा २क. पण र च्या चाकावरची फेरी र पेक्षा लहानच असते, म्हणजे ३१ हजारांच्या आत. पन्नास कोटींची फेरी तिथं मावणार कुठं? म्हणून फेरी १ किंवा २. म्हणजे २ च्या वर्गातून १ वजा केल्यावर र नं भाग जायला हवा. तो येतो ३. म्हणून र असलाच तर ३ असणार. आणि प च्या अंकांची बेरीज १ + ७ = ८, तिला ३ नं भाग जात नाही. संपलं. प मूळ आहे.

मला ही सिद्धता फार आवडते. चौतीसशे भागाकार जाऊन त्यांच्या जागी एक घात आणि एक अंकांची बेरीज उरली.

राहिला तो घात काढायचा. इथं प चं रूप कामी येतं. शंभर कोटी म्हणजे मॉड प मध्ये −७. म्हणून कितीही मोठी संख्या असो, उजवीकडचे नऊ अंक ठेवायचे, डावीकडं उरलेल्या भागाला ७ नं गुणून त्यातून वजा करायचं. २ चा ६० वा घात घे: १,१५२,९२१,५०४,६०६,८४६,९७६. (इथं मुद्दाम तीन-तीनचे गट पाडलेत, नऊ तोडायला बरं पडतं.) उजवीकडचे नऊ अंक ६०६८४६९७६, डावीकडं ११५२९२१५०४. सातपट ८०७०४५०५२८. वजा केलं तर −७४६३६०३५५२. त्यात प आठ वेळा मिळव, म्हणजे ८०००००००५६, आणि बाकी मिळाली ५३,६३,९६,५०४. भागाकार कुठं केलाच नाही.

घातांक १,००,००,००,००६ पर्यंत पोचायला २ च्या २९ व्या घातापासून (तो ५३,६८,७०,९१२, अजून प च्या आतच) निघायचं आणि २५ वेळा वर्ग करायचा, मधेमधे कधी दुप्पट. नऊ अंकी संख्यांचे पंचवीस गुणाकार. वही घेऊन रंकाळ्यावर बसलास तर एका दिवसाचं काम आहे, फक्त प्रत्येक पायरी नवाच्या कसोटीनं ताडून घे.

तू लगेच विचारशील, क मूळ आहे हे कुणी सांगितलं? बरोबर विचारलंस. तिच्याही खालची फोडायची:

५०,००,००,००२ = २ × ४१ × ४१ × १,४८,७२१.

१,४८,७२१ ही क च्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे २२,३६० पेक्षा, कितीतरी मोठी आहे. म्हणून तीच युक्ती पुन्हा चालते: एखादा आधार (ज्याचा घात काढायचा ती संख्या) घ्यायचा, त्याच्या (क − १) व्या घाताची बाकी १ येते का बघायचं, आणि त्याच्या ३३६२ व्या घातातून (२ × ४१ × ४१ म्हणजे ३३६२) १ वजा करून येणाऱ्या संख्येचा क बरोबर मसावि १ आहे का बघायचं. दोन्ही जमलं की क मूळ. आणि १,४८,७२१ साठी युक्ती नकोच. तिचं वर्गमूळ ३८५ च्या आसपास, ३८३ पर्यंतच्या ७६ मूळ संख्यांनी साधा भाग देऊन बघ. मी देऊन बघितलाय, एकही जात नाही. अशी उतरंड कागदाच्या एका बाजूवर मावते आणि कुणीही ती तपासू शकतो. प्रॅटनं १९७५ मध्ये दाखवलं की प्रत्येक मूळ संख्येला असा आटोपशीर दाखला असतो. पुढं २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी प − १ फोडायची गरजच न ठेवणारी, तरी नक्की आणि झटपट उत्तर देणारी पद्धत काढली. मात्र कोडमध्ये तुला मिलर–रॅबिन ही फर्माच्या कसोटीची कडक आवृत्तीच लागेल. ३२१ कोटींच्या आतल्या संख्यांना २, ३, ५ आणि ७ हे चार आधार घेतले की उत्तर पक्कं असतं.

आता पलीकडची बाजू. प − १ जितकी कडक, प + १ तितकीच ठिसूळ:

१,००,००,००,००८ = ८ × ९ × ७ × १०९ × १०९ × १६७.

याचा रोजचा फायदा बघ. प + १ ची बाकी १ असते. म्हणून प + १ ला ज्या संख्येनं भाग जातो तिची इनव्हर्स म्हणजे तो भागाकारच. २ ची ५०,००,००,००४. ३ ची ३३,३३,३३,३३६. ४ ची २५,००,००,००२. ६ ची १६,६६,६६,६६८, ९ ची ११,११,११,११२. ७ ची १४,२८,५७,१४४, त्यातही १४२८५७ डोकावतंय. पोरं ५००००००००४ असा एखादा जादा शून्याचा आकडा पाठ करून कोडमध्ये टाकतात आणि रात्रभर बग शोधतात. पाठ करायचंच कशाला, प + १ ला भाग द्यायचा.

प + १ ला ४ नं भाग जातो याचा आणखी एक उपयोग. प ला ४ नं भागून बाकी ३ उरते, त्यामुळं −१ चं वर्गमूळ इथं नाही आणि प दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. त्याच्या बदल्यात वर्गमूळ काढणं मात्र फार स्वस्त: संख्या वर्ग असेल तर तिचा (प + १)/४ वा, म्हणजे २५,००,००,००२ वा घात हेच तिचं वर्गमूळ. २ वर्ग आहे हे वर बघितलंच. त्याचं एक वर्गमूळ ५,९७,१३,६०० आहे. खोटं वाटत असेल तर हातानं ताड: वर्ग येतो ३५६५७१४०२४९६००००. उजवीकडचे नऊ अंक ०२४९६००००, डावीकडं ३५६५७१४, त्याची सातपट २४९५९९९८. वजा कर. उरले २. नेमके.

५ ला वर्गमूळ नाही, आणि त्याचा फटका फिबोनाची शिकताना बसतो. फिबोनाचीचं बंद सूत्र ५ च्या वर्गमुळावर उभं आहे. मॉड प मध्ये ते थेट वापरता येत नाही, मॅट्रिक्स किंवा दुपटीची सूत्रं घ्यावी लागतात. जोडीतली दुसरी, १,००,००,००,००९, हिला ५ नं भागून बाकी ४ उरते, म्हणून तिथं ५ चं वर्गमूळ आहे आणि सूत्र चालतं. दोनच्या अंतरानं एवढा फरक. फिबोनाचीच्या बाक्या मॉड प मध्ये २(प + १), म्हणजे २,००,००,००,०१६ पदांनंतर पुन्हा पहिल्यासारख्या येतात; इथं पुन्हा प + १.

एक गोष्ट थेट कामाची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २ ची फेरी बरोबर क पावलांची आहे हे वर काढलं. याचाच दुसरा अर्थ: २ च्या क व्या घातातून १ वजा केला की प नं भाग जातो. २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्या म्हणजे मर्सेन संख्या. सगळ्यात मोठ्या ज्ञात मूळ संख्या त्यातच सापडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही ४,१०,२४,३२० अंकांची आहे. ती मूळ आहे हे ठरवायला शक्तिशाली ग्राफिक्स प्रोसेसर लावावे लागले. आणि २ चा ५०,००,००,००३ वा घात वजा १, पंधरा कोटींहून जास्त अंक असलेली संख्या, संयुक्त आहे हे तू आणि मी प ला ८ नं भागून ठरवलं, अवयवासकट. ११ घेतलास तर तेच: २ × ११ + १ = २३ आणि २०४७ = २३ × ८९. क मूळ, ४ नं भागून बाकी ३, आणि २क + १ मूळ असेल तर असं होणारच, हे ऑयलरनं १७५० मध्ये म्हटलं आणि लाग्रांजनं १७७५ मध्ये सिद्ध केलं.

आता जिथं पोरं चुकतात ते. घातांकाची बाकी प नं काढायची नसते, प − १ नं काढायची असते. २ च्या (३ च्या न व्या) घातासारखं काही आलं की वरच्या घातांकाला १,००,००,००,००६ लावायचं, खाली १,००,००,००,००७. आणि वरच्या मजल्यावर ती संख्या सम आहे हे विसरायचं नाही; तिथं २ नं भागाकार नाही. एखाद्या संख्येच्या सगळ्या विभाजकांचा गुणाकार त्या संख्येचा घात म्हणून काढताना घातांक निम्मा करावा लागतो, तो मॉड घ्यायच्या आधी निम्मा करायचा.

पॉलिनॉमिअलचे भराभर गुणाकार करणारं एनटीटी वापरायचं असेल तर प कुचकामी. त्याला प − १ मध्ये २ चे भरपूर घात लागतात आणि इथं फक्त एकच २ आहे. म्हणून तिथं ९९,८२,४४,३५३ दिसते: तिच्यातून १ वजा केलं की ११९ × २ चा २३ वा घात. हा आकडा गणितात दिलेला दिसला की उत्तराची वाट बऱ्याचदा तिथंच कळते.

स्ट्रिंगच्या हॅशसाठीही, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला ओळखीचा एक आकडा देण्यासाठी, एकटी प घेऊ नकोस. शंभर कोटी घरं पुष्कळ वाटतात, पण सुमारे ३७ हजार स्ट्रिंग झाल्या की कुठल्यातरी दोघींची टक्कर व्हायची शक्यता निम्मी होते. एक लाख स्ट्रिंग घेतल्या तर टक्कर जवळजवळ ठरलेली. शिवाय प सगळ्यांना ठाऊक, ज्याचे घात घेऊन हॅश काढतोस तो आधारही कोडमध्ये दिसतो, मग तुझा हॅश फोडणारं इनपुट कुणीही बनवतो. २ चा ६१ वा घात वजा १ घे आणि आधार दर वेळी यादृच्छिक निवड.

राहता राहिलं सेफ प्राइम हे नाव. सुरक्षेच्या कामात, डिफी–हेलमन पद्धतीनं किल्ली ठरवताना, मूळ संख्या मुद्दाम याच घडणीची निवडतात, कारण प − १ चे बारीक तुकडे झाले तर हल्लेखोर एकेका लहान फेरीत उत्तर शोधून ते जोडतो. प ची घडण त्या कामाला योग्य आहे, आकार नाही. बेबी-स्टेप जायंट-स्टेप (लहान पावलांचा तक्ता करून मोठ्या पावलांनी घातांक शोधायची रीत) लावलं तर क च्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे साधारण २२ हजार नोंदींचा तक्ता आणि तितकीच पावलं पुरतात. तुझा मोबाइल ते डोळ्याची पापणी लवायच्या आत करेल. खरोखर वापरात असलेल्या संख्या २०४८ बिटांच्या, म्हणजे ६१७ अंकी असतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये प घालून ‘सुरक्षित चॅट’ म्हणून दाखवणार असशील, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल.